जिद्द हा शब्द न उच्चारता कविता जिद्द कशी सांगते

बारावीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला प्रकल्पासाठी विषय मिळालाय, ‘कविता आणि गीतांतून व्यक्त होणारी जिद्द : आलंकारिक भाषेच्या आधारे’. ती लिहिते, ‘बाई, मला अलंकार ओळखता येतात. इथे उपमा आहे, इथे रूपक, इथे चेतनगुणोक्ती, एवढं लिहून होतं. पण त्यापुढे पेनच चालत नाही. अलंकार ओळखला म्हणजे जिद्द सापडली, असं थोडंच आहे?’

नाही ना! हे तुझं तुला कळलं याचा मला फार आनंद झाला. मी २८ वर्षं नाशिक जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवली. उत्तरपत्रिकांमध्ये ‘येथे उपमा अलंकार आहे’ हे वाक्य हजारदा वाचलं. त्याच्या पुढची ओळ लिहिणारी मुलं मात्र थोडीच भेटली. ती पुढची ओळ कशी शोधायची ते सांगते. जरा लांब होईल, पण सावकाश वाच.

आधी एक गोष्ट लक्षात घे. जिद्दीला वेळ लागतो. राग एका क्षणात दाखवता येतो, प्रेम एका नजरेत कळतं. जिद्द मात्र दिवसामागून दिवस गेल्याशिवाय दिसतच नाही. आणि कवीच्या हातात ओळी असतात चार नाहीतर आठ. एवढा मोठा काळ एवढ्याशा जागेत बसवायचा कसा? चांगला कवी त्यासाठी अशी वस्तू शोधतो, जिच्या अंगावर तो काळ आधीच उमटलेला असतो. घासलेली, भाजलेली, विणलेली, झिजलेली वस्तू. अलंकाराचं नाव नंतर लिही. त्या वस्तूवर किती दिवस गेलेत ते आधी बघ.

माझं आजोळ सिन्नर तालुक्यात. गावविहिरीच्या काठाला काळ्या दगडाचे चिरे बसवलेले आहेत. घरोघर नळ आले, आता विहिरीवर कोणी फिरकत नाही. पण काठाच्या चिऱ्यांवर सात-आठ खाचा आहेत, बोट आत जाईल इतक्या खोल आणि आतून गुळगुळीत. लहानपणी मला वाटायचं, पाथरवटानंच त्या पाडल्या असतील. आजी म्हणाली, ‘दोरानं पडल्या गं.’ अंबाडीचा दोर, पोहरा आत सोडायचा आणि काठावरून ओढायचा. तिची सासू, तिच्या सासूची सासू, सगळ्यांनी ओढलं. मी त्या खाचेत बोट घालून बराच वेळ बसले होते.

पुढे शिकवायला लागल्यावर तुकोबांचा अभंग समोर आला आणि मी थबकलेच. ‘दोरें चिरा कापे पडिला कांचणी.’ कांचणी म्हणजे काच, घासणं. नाडी कमरेला काचते म्हणतो ना, तेच. आता बघ, या चरणात ‘रोज’ हा शब्द नाही, ‘वर्षानुवर्षं’ नाही, ‘प्रयत्न’ही नाही. पण ‘कांचणी’ म्हटलं की दोराच्या हजारो फेऱ्या डोळ्यांपुढून जातात. शिवाय इथे दोर मऊ आणि चिरा कठीण, आणि कापणारा आहे तो मऊच. हाच अभंग सुरू होतो ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ असा. यातला ‘ओलें’ शब्द सोडू नकोस. वाळलेलं मूळ खडकात शिरत नाही, ते मोडतं. किल्ल्याच्या तटबंदीतून आलेला पिंपळ तू पाहिला असशील. त्याचं मूळ फटीत शिरताना केसाएवढं असतं, ओलाव्याच्या मागे जात राहतं आणि जाता जाता जाड होतं. तुकोबांना अभ्यास म्हणजे काय ते सांगायचंय, आणि त्यासाठी त्यांनी हातोडा किंवा पहार घेतली नाही, ओलं मूळ घेतलं. शेवटच्या चरणात तर ते पोटातल्या बाळाकडे जातात. त्याला जागा काय एकाएकी झाली? मूळ, दोर आणि बाळ, तिघांचंही काम आवाज न करता चालतं आणि चालू असताना कोणाला दिसत नाही. अलंकाराचं नाव दृष्टान्त. पण तुझ्या उत्तराचा जीव त्या न दिसणाऱ्या कामात आहे.

‘असाध्य तें साध्य करितां सायास, कारण अभ्यास तुका म्हणे’ हे शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनीच वाचलंय. त्याच्या आधीच्या ओळी भिंतीवर नसतात. त्या आहेत बचनागाच्या आणि सापाच्या. ‘साधूनी बचनाग खाती तोळा तोळा.’ बचनाग हे जहाल विष. दुसऱ्याला ज्याच्याकडे बघवतही नाही, ते साधना केलेला माणूस तोळा तोळा पचवतो. तोळा म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम. ‘तोळा तोळा’ ही द्विरुक्ती बघ, मोजून मोजून, पुन्हा पुन्हा. पुढच्या चरणात भुजंग हातात धरणारे येतात, ज्यांना बघून बाकीचे कापतात. या दोन चित्रांनंतर ‘असाध्य तें साध्य’ वाचून बघ. वाक्य तेच असतं, पण आता ते अंगावर येतं, कारण अभ्यासात जिवाची जोखीम आहे हे आपण नुकतंच पाहिलेलं असतं. भिंतीवर सुविचार उरला, साप आणि विष गळून गेलं.

आता बहिणाबाई. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१), जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी पुस्तकात आली ती त्या गेल्यावर, १९५२ साली. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर.’ यावर सगळे लिहितात : संसार उपमेय, तवा उपमान, ‘जसा’ साधर्म्यवाचक शब्द. बरोबर आहे. आता ‘आधी’ आणि ‘तव्हा’ या दोन शब्दांवर बोट ठेव. ही उपमा स्थिर चित्राची नाही, क्रमाची आहे. तू भाकरी केली असशील तर तुला सांगायला नको. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, मग उलटायची, तीही बोटांनीच. चटका टाळून भाकरी होत नाही. म्हणजे चटका हा वाटेतला अडथळा नाहीच, तो भाकरी करण्याचाच एक भाग आहे. आणि आणखी एक. तवा संध्याकाळी पुन्हा तापतो. शिखर एकदा सर झालं की झालं. भाकरी उद्याही करायची असते. डोंगर, शिखर, विजयपताका यांच्यापेक्षा मला हा तवा जिद्दीचं जास्त खरं चित्र वाटतो, तो यामुळे.

याच कवितेत पुढे वेलीवरच्या काकडीची ओळ येते, ‘एक तोंडामधी कडू, बाकी अवघा लागे गोड’. काकडीचं देठाकडचं टोक कडू निघतं, ते चाखून कोणी काकडी फेकत नाही. किती घरगुती आहे बघ. उपदेश आहे, पण तो कोणी पायरीवर बसून काकडी चिरता चिरता करावा तसा.

‘खोपा’ तर तू शाळेत पाठच केली असशील. तिथे एकच क्रियापद धर, ‘टांगला’. सुगरणीनं पिलासाठी झोका झाडाला टांगला, हे पहिल्यांदा येतं. दुसऱ्या कडव्यात तेच क्रियापद परत येतं, पण या वेळी टांगलेला असतो तिचा जीव. ‘तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला.’ खोपा आणि जीव एकाच फांदीला. मग ‘खोपा इनला इनला, जसा गिलक्याचा कोसा’. गिलकं म्हणजे घोसाळं. वेलीवर वाळलं की साल सुटते आणि आत शिरांचं जाळं उरतं, ज्यानं आपल्या आज्या अंग घासायच्या. ते हातात घेऊन बघ. खोप्याचा आकारही तसाच आणि वीणही तशीच. ‘इनला इनला’ म्हणताना तुझ्याही तोंडात ती वीण दोनदा फिरते. पक्ष्यांचे जाणकार सांगतात की सुगरणीच्या जातीत घरटं विणतो तो नर, गवताच्या काड्या आणायला शेकडो फेऱ्या मारतो, आणि मादी ते पसंत करते. बहिणाबाईंनी ते काम आईच्या पदरात घातलं. त्यानं कविता खोटी ठरत नाही, पण प्रकल्पात तू हे लिहिलंस तर परीक्षकांना दिसेल की तू कवितेतून उठून झाडापर्यंतही गेलीस.

‘अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी.’ घरोट म्हणजे जातं. इथे अलंकार शोधायच्या आधी ओळ मोठ्यानं म्हण आणि उजवा हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरव. ओवीची चाल जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. पीठ थांबलं की गाणं थांबतं, गाणं थांबलं की हात जड होतो. काम करणारी बाई आपल्या चिकाटीबद्दल काही बोलत नाही, ती चिकाटी गाण्याच्या लयीतच असते. प्रतिमा फक्त शब्दांत शोधायची सवय आपल्याला लागलेली असते, म्हणून हे सुटतं.

आता ज्या कवितेसाठी मला जास्त जागा हवी होती ती, कुसुमाग्रजांची ‘कणा’. कथा तुला माहीत आहेच. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो. तो येऊन सांगतो काय? ‘गंगामाई पाहुणी आली, गेली घरट्यात राहून.’ आम्हा नाशिककरांना हे समजावून सांगावं लागत नाही. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पूर आला की ‘गंगेला पाणी आलं’ असं म्हणतो. तर ज्या नदीनं घर नेलं तिला हा मुलगा पाहुणी म्हणतो, मग माहेरवाशीण म्हणतो. माहेरवाशीण आली की घरभर नाचते, जाताना तिला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. ती जे घेऊन गेली त्याला चोरी म्हणायचं नाही, ती तिची पाठवणी. आणि पापण्यांवर उरलेलं पाणी? प्रसाद.

चेतनगुणोक्ती (निर्जीवाला माणसासारखं वागवणं), उपमा, रूपक, सगळं इथे चार-सहा ओळींत आहे. पण स्वतःला विचार, हे अलंकार वापरतोय कोण? कवी नाही, तो चिखलात भरलेला मुलगा वापरतोय. ज्याचं होतं नव्हतं ते गेलं, तो अजून आपल्या दुःखाला नातं लावू शकतो, त्याची पाहुणी करू शकतो. कण्याचा उल्लेख शेवटी येतो खरा, पण तो मोडलेला नाही हे आपल्याला तेव्हाच कळून चुकलेलं असतं, जेव्हा तो हसून ‘गंगामाई’ म्हणतो. मला विचारशील तर मराठीत अलंकारानं केलेलं याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही. इथे अलंकार जिद्दीचं वर्णन करत नाही, तो स्वतःच जिद्द आहे.

मग क्रियापदं बघ. आली, गेली, नाचली, वाचली, खचली, विझली. सगळा भूतकाळ, आणि सगळं नदीनं केलेलं किंवा नदीमुळे झालेलं. तिथून कविता वळते : लढतो आहे, बांधतो आहे, काढतो आहे. अपूर्ण वर्तमानकाळ, आणि आता करणारा तो. आणखी गंमत म्हणजे या ओळींत एकही अलंकार नाही. पडकी भिंत ही भिंतच आहे, चिखलगाळ हा चिखलगाळच. नुकसान सांगताना अलंकार, काम सांगताना साधे शब्द. वर्गात मी हा भाग वाचताना मुद्दाम ‘आहे’ या शब्दावर थांबायचे. काम संपलेलं नाही, तो परत जाऊन पुन्हा फावडं उचलणार आहे, हे त्या ‘आहे’मध्ये आहे.

एका वर्षी पुढच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, ‘बाई, त्याला पैसे हवेच असणार ना? मग नको का म्हणाला?’ वर्ग शांत झाला. त्या मुलाच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘हवेच असणार. पण तो आला होता दुसऱ्या कामासाठी.’ सरांचा हात खिशाकडे गेला, त्याला तो पाठीवर हवा होता. कणा पाठीतच असतो. शेवटच्या ओळींतला तो हात नेमका तिथे टेकतो जिथे कवितेची मुख्य प्रतिमा आहे. हे लिही तू, नक्की लिही.

याच्या शेजारी ‘लहानपण देगा देवा’ ठेवून बघ. ‘महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.’ तिथेही पूर, इथेही पूर. लव्हाळं वाकून वाचतं, ‘कणा’तला मुलगा न वाकता. तुकोबांचा तो अभंग खरं तर नम्रतेचा आहे, त्याला ओढून जिद्दीत बसवू नकोस. पण एकाच पुराची दोन उत्तरं आपल्या भाषेत आहेत, एवढं नोंदवलंस तर चांगला परिच्छेद होईल.

नारायण सुर्वे थोडक्यात, कारण त्यांची ‘दोन दिवस’ तुला स्वतः पूर्ण वाचायची आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या १९६२च्या संग्रहातली. ‘भाकरीचा चंद्र’ सगळ्यांना पाठ असतो. तू शेवटाकडे ये, ‘झोतभट्टीत शेकावे पोलाद तसे आयुष्य छान शेकले’. पोलादाची उपमा तशी नेहमीची. ती नवी होते ‘छान’ या एका शब्दानं. भट्टीत भाजून निघालेला माणूस ‘छान’ म्हणतो, तेव्हा त्यात वेदना आहे, अभिमान आहे, गिरणगावातला रोखठोकपणा आहे. तो शब्द काढून ओळ म्हणून बघ, निम्मी ताकद जाते.

गीतांकडे येताना एक फरक ध्यानात ठेव. गाण्याला ध्रुवपद असतं, आणि ते परत परत येतं. जिद्द सांगणाऱ्या गाण्यात हे परत येणंच अर्थाला हातभार लावतं. सुरेश भटांचं ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटातलं ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली, अरे पुन्हा आयुष्याच्या पेटवा मशाली’ घे. पहाटेची प्रतिमा कवितेत नेहमी आशेसाठी येते. इथे पहाट होता होता उलटते, रात्रच परत येते. मशाली एकदा पेटवून झालेल्या आहेत, विझलेल्या आहेत, हे त्या ‘पुन्हा’वरून कळतं. आणि प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद आलं की तो ‘पुन्हा’ खरोखरच पुन्हा होतो. कागदावर वाचून हे कळत नाही, ऐकावं लागतं.

प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातलं ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ही ऐक. कर्ता कोण? पाऊले. ‘मी चालतो’ असं नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारीत जो चालला आहे त्याला विचार, चार-पाच दिवसांनी ‘मी’ चालत नाही, पाय चालतात, आपण त्यांच्यामागे जातो. अवयवाला कर्ता केलं की थकवा आणि ओढ दोन्ही एका शब्दात येतात. गोव्याच्या बा. भ. बोरकरांनीही पावलंच घेतली : ‘देखणी ती पाउले जी ध्यासपंथे चालती, वाळवंटातूनसुद्धा स्वस्तिपद्मे रेखिती’. स्वस्तिपद्मे म्हणजे मंगल कमळं. वाळूतला ठसा टिकत नाही हे आपण जाणतो, म्हणून तर तो ‘सुद्धा’ महत्त्वाचा. याउलट ‘आकाशी झेप घे रे पाखरा’ हे माझं आवडतं गाणं असलं, तरी त्यातली मुख्य प्रतिमा, झेप, ही धाडसाची आहे. झेप एकदा घेतात. चिकाटीच्या उदाहरणांत ते घालायचं असेल तर झेपेवर थांबू नकोस, त्यातल्या कष्टाच्या कडव्यापर्यंत जा.

एका चुकीपासून तुला वाचवते. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ हे जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात येतं, प्रयत्नांची महती म्हणून. ही वामन पंडितांची ओळ, भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं मराठी रूप. पूर्ण श्लोक वाच. वाळूतून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडून सशाचं शिंगही सापडेल, ‘परंतु’ मूर्खाचं मन वळवता येणार नाही. म्हणजे श्लोक प्रयत्नांची थोरवी सांगतच नाही. अशक्य गोष्टींची रांग लावून त्याहून अशक्य काय ते सांगतो. लोकांनी पहिला चरण तोडून म्हण केली, आणि म्हण म्हणून ती आता खरीच प्रयत्नांची झाली आहे. दोन्ही अर्थ लिही, कुठला कुठून आला तेही लिही.

प्रकल्पाच्या शेवटी स्वतःची चार ओळींची रचना मागितली असेल, तर वादळ, दीपस्तंभ, शिखर, उगवता सूर्य यांना हात लावू नकोस. त्या प्रतिमा वाईट नाहीत, पण इतक्या हातांतून गेल्यात की त्यांच्यावर कोणाचाच ठसा राहिलेला नाही. तुझ्या घरात, शेतात, गल्लीत काय झिजलंय ते बघ. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी माझ्या वर्गात काही महिने होती. ‘कष्ट’ या विषयावर तिनं एकच ओळ लिहून दिली होती : ‘आमच्या कोयत्याच्या मुठीवर आईची चार बोटं उमटलीत.’ मी तिला म्हटलं, पुढे लिही. ती म्हणाली, ‘झालं की बाई.’ तिचं बरोबर होतं. ती ओळ वाचली तेव्हा मला सिन्नरची विहीर आठवली होती.

लिहायला बसशील तेव्हा पाच कवितांच्या मागे लागू नकोस, दोन पुरेत. प्रत्येकीत काम करणारं कोण, त्याच्यासमोर काय उभं आहे, आणि काम झालं की अजून चालू आहे, एवढं आधी कच्च्या वहीत काढ. अलंकाराचं नाव त्यानंतर आपोआप जागेवर बसेल. ‘कणा’ घेणारच असशील, तर पुस्तकात ‘लढतो’, ‘बांधतो’, ‘काढतो’ यांच्यापुढच्या तिन्ही ‘आहे’खाली पेन्सिलीनं रेघ मार आणि उत्तराचं पहिलं वाक्य तिथूनच सुरू कर.